बेळगावात बसून प्रवाळ वाचवायचे कसे, अन् लावायचेच झाले तर कसे

बेळगावला समुद्र कुठं आहे ओ, प्रवाळाचं काय घेऊन बसलाय, असं कुणी म्हणालं तर त्याला लाँग वीकएंडच्या शनिवारी सकाळी सहाला चोर्ला घाटात नेऊन उभं करा. अर्धं टिळकवाडी अन् अनगोळ तिथून गोव्याकडे उतरत असतंय, बाकीच्या काही गाड्या आंबोलीवरून मालवणला, काही अरबैल घाट उतरून मुरुडेश्वरला, अन् ज्यांचं बजेट मोठं ते अंदमान नाहीतर लक्षद्वीप. आणि आता नुसतं वाळूत बसून मासे खाऊन कोणी परत येत नाही, स्नॉर्कलिंग पाहिजे, स्कूबा पाहिजे, पाण्याखालचा व्हिडिओ स्टेटसला पाहिजे. म्हणजे ज्याच्यावर आपण जाऊन पाय ठेवतो ते वाचवायची जबाबदारी पण आपलीच झाली की.

दुसरं असं की आजकाल 'प्रवाळ लावा, फोटो काढा, सर्टिफिकेट घ्या' असली पॅकेजं निघाल्यात आणि आपली पोरं पैसे भरून जाऊलाल्यात. लावणं वाईट नाही. पण ते शेवटचं काम आहे, पहिलं नाही. ज्या पाण्यात जुने प्रवाळ मरतात त्याच पाण्यात नवे लावले तर ते पण मरणार, एवढं साधं आहे. म्हणून ह्या गाईडमध्ये आधी मोडायचं कसं थांबवायचं ते सांगतो अन् लावणं नंतर. घाई असेल तर खाली उड्या मारत वाचा, पण मधला भाग सोडू नका, खरी गोम तिथंच आहे.

जीव काय आहे तेवढं समजून घ्या

प्रवाळ दगड नाही आणि झाड पण नाही, तो प्राणी आहे. बारीक बारीक पॉलिप, प्रत्येकाला एक तोंड अन् भोवती मिशांसारख्या स्पर्शिका, आणि असे हजारो मिळून खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला, ते उन्हावर अन्न करतं आणि प्रवाळाच्या गरजेतली 90 टक्क्यांपर्यंत एनर्जी तिथूनच येते. रंग पण बऱ्यापैकी त्याचाच. म्हणून प्रवाळाला उथळ, स्वच्छ, ऊन पोचणारं पाणी लागतं.

आता पाणी त्या जागेच्या नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्यापेक्षा जेमतेम 1 अंशाने वर गेलं अन् काही आठवडे तसंच राहिलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. पांढरा पडला म्हणजे मेला असं नाही, पाणी वेळेत गार झालं तर शैवाल परत येतं, नाही झालं तर उपाशी मरतो आणि वरून हिरवट काळपट शेवाळ चढतं. आणि वाढीचा वेग बघा, फांद्यांवाले प्रवाळ वर्षाला फार तर 10 सेंटिमीटर, गोल दगडासारखे दिसणारे साधारण 1 सेंटिमीटर, कित्येकदा त्याहून कमी. म्हणजे फोटोसाठी ज्या फुटबॉलएवढ्या गोळ्यावर आपण उभं राहतो तो आपल्या वयाचा असू शकतो. प्रवाळांनी बांधत नेलेल्या ह्या खडकांना रीफ म्हणतात, समुद्राच्या तळाचा 1 टक्का पण भाग त्यांनी व्यापलेला नाही तरी समुद्रातल्या जवळपास पाव भाग जाती कधी ना कधी त्यांच्या आधाराने जगतात. एवढं पुरे, पुढं चला.

सुरुवात घरातल्या शोकेसपासून

हे कोणी सांगत नाही म्हणून आधी सांगतो. तुमच्या नाहीतर तुमच्या मावशीच्या घरी दरवाज्यावर काळ्या जाळीदार फांदीची फ्रेम लावलीय का? 'इंद्रजाल' म्हणून विकतात, दृष्ट लागत नाही म्हणे, वास्तुदोष जातो म्हणे, आणि विकणारा छातीठोक सांगतो की ही हिमालयातली दुर्मिळ वनस्पती आहे. वनस्पती बिनस्पती काही नाही, ते समुद्रातलं काळं प्रवाळ किंवा सी-फॅन असतं, म्हणजे मेलेला प्राणी. आणि ते नुसतं वाईट नाही तर गुन्हा आहे. काळं प्रवाळ, सी-फॅन, फायर कोरल आणि रीफ बांधणारे सगळे कडक प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. 3 ते 7 वर्षं कैद आणि वर दंड. ऑनलाइन मागवलं, अगरबत्तीच्या दुकानातून घेतलं, जत्रेतून घेतलं, कायद्याला फरक पडत नाही.

फिश टँकमधला पांढरा फांद्यांचा 'डेकोरेशन स्टोन' पण तसाच तपासून घ्या. सिरॅमिकचा नाहीतर प्लास्टिकचा असेल तर बिनधास्त ठेवा, पण नीट बघितल्यावर अंगभर बारीक चांदणीसारखी छिद्रं दिसली तर तो खरा सांगाडा आहे. बीचवर पडलेला तुकडा पण उचलून आणू नका, मेलेला असला तरी, कारण एक तर तो पण कायद्यात येतो आणि दुसरं म्हणजे त्याच तुकड्यांवर नवी पिलं चिकटतात अन् त्यांचीच झिजून बेटाची वाळू होते. शंखशिंपल्यांचं पण तेच, काही जाती संरक्षित आहेत आणि स्टॉलवाल्याला त्याचं काही देणंघेणं नसतं.

अंगठीतलं पोवळं वेगळं. ते लाल प्रवाळ मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, रीफवरचं नव्हे. पण ते तर अजून हळू वाढतं, जाडीला वर्षाला मिलिमीटरभर पण नाही, म्हणून मंगळासाठी घालायचंच असेल तर आजीचं जुनं आहे ते पॉलिश करून घाला, नवीन कशाला. ह्यावर घरात वाद होणार, तो तुमचा तुम्ही बघा.

ट्रिपला जाताना

आपल्याला जवळची ठिकाणं तीन. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग, तिथं 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29 चौरस किलोमीटरचं, आणि बऱ्याच लोकांना किल्ला माहीत असतो पण आपण अभयारण्यात पोहतोय हे माहीत नसतं. दुसरं गोव्याजवळचं ग्रँड आयलंड. तिसरं मुरुडेश्वरहून बोटीने जायचं नेत्राणी बेट, साधारण 19 किलोमीटर आत, पाणी स्वच्छ असलं की तिथं खडकांवरचे प्रवाळ अन् मासे बघण्यासारखे. ह्यातलं कुठलंच लक्षद्वीपसारखं मोठं पसरलेलं रीफ नाही, खडकावर इथं थोडं तिथं थोडं असं आहे, आणि म्हणूनच जास्त जपायला पाहिजे, कारण थोडं आहे ते गेलं की संपलं.

बुकिंगच्या आधी फोनवर दोन प्रश्न विचारा. एक, बोट अँकर टाकून थांबते की मूरिंग बोयाला, म्हणजे तळाला कायमचा बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधते. अँकर प्रवाळावर पडला की फुटणार आणि मग साखळी वाऱ्याबरोबर गोल फिरत आजूबाजूचं पण घासत राहते, बोया असला की हा प्रश्नच मिटला. दोन, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण. एकामागे सहा सात नवशिके दिले तर तो कुणाकुणाचे पाय धरणार. उत्तर देताना समोरचा गडबडला, 'सर तुम्ही या तर' असं करायला लागला, तर दुसरा बघा. 200-300 रुपये वाचवायच्या नादात चुकीच्या बोटीत बसू नका.

आणि पोहायला येत नसेल तर आधी शिका, हे खरं सगळ्यात महत्त्वाचं. प्रवाळावर पाय ठेवणारा माणूस दुष्ट नसतो, तो घाबरलेला असतो. नाकातोंडात पाणी गेलं की जे सापडेल त्याच्यावर उभं राहायचं एवढंच सुचतं. गोवावेसच्या स्विमिंग पूलमध्ये चार दिवस मास्क अन् स्नॉर्कल लावून नुसतं तरंगायची प्रॅक्टिस केली, तोंडाने श्वास घ्यायची सवय झाली, मास्कमध्ये पाणी आलं तर न घाबरता काढता आलं, की निम्मं नुकसान तिथंच टळतं. मास्क स्वतःचा घ्या, फार महाग नाही.

पाण्यात गेल्यावर प्रवाळापासून निदान हात-दीड हात लांब रहायचं, उभं रहायचं नाही, आडवं तरंगायचं. फिन, म्हणजे पायातले पोहायचे पंखे, घातले असतील तर जोरात मारायचे नाहीत, त्याने तळाची वाळू उडते अन् पॉलिपांवर बसते, ती साफ करण्यात त्यांची ताकद जाते. कॅमेरावाल्यांनी जास्त सांभाळायला पाहिजे कारण डोळा स्क्रीनवर आणि पाय कुठं आहेत पत्ताच नाही. सेल्फी स्टिक तर घेऊच नका, बुक्की मारल्यासारखी जाऊन आपटते. माशांना बिस्किट, ब्रेड चारू नका, काही गाईड हौसेने चारतात कारण मासे गोळा झाले की व्हिडिओ छान येतो, पण जे मासे प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात त्यांना मैद्याची सवय लावून कुणाचंच भलं नाही. गाईडने हातात काही जिवंत काढून दिलं, स्टारफिश वगैरे, तर 'नको, ठेवा परत' म्हणा. एकाने म्हटलं की बाकीचे पण म्हणतात.

सनस्क्रीनचं सांगतो, कारण ह्यावर फार गोंधळ आहे. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं लॅबमध्ये प्रवाळाच्या पिलांना घातक दिसली, म्हणून पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली. आपल्याकडे बाटलीवर ही नावं सरळ सापडतीलच असं नाही, बेन्झोफिनोन-3 म्हणजे पहिलं अन् इथाइलहेक्सिल मेथॉक्सीसिनॅमेट म्हणजे दुसरं, बारीक अक्षरात मागच्या बाजूला असतंय, मोबाईलने फोटो काढून झूम करा. 'रीफ सेफ' असं पुढं मोठं लिहिलेलं असेल तर त्याला भुलू नका, त्या शब्दांना कायद्यात काही ठरलेला अर्थ नाही. झिंक ऑक्साइडवालं घ्या, आणि त्याहून सोपं म्हणजे फुल बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घाला, पाठ भाजत नाही आणि ट्यूब पण वाचते. उघड्या समुद्रात सनस्क्रीनने नेमकं किती नुकसान होतं ह्यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, पाणी गरम होणं हा त्याहून कितीतरी मोठा मार आहे, पण टाळता येतंय तर टाळा.

पावसाळ्यात ह्या बोटी बंद असतात ते बरंच आहे. जूनमध्ये 'सर कायतरी जमवतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, प्रवाळापेक्षा तुमच्या जिवासाठी.

आपल्या नद्या पण समुद्रालाच जातात

बेळगाव शहराचं पाणी मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला जातं. पण खानापूर तालुक्यात डोंगराच्या पलीकडच्या बाजूला पडलेला पाऊस म्हादईतून पणजीला अरबी समुद्रात. म्हणजे एका तालुक्यातून दोन समुद्र. जांबोटी-कणकुंबीच्या धबधब्यावर जाऊन चिप्सची पाकिटं टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आशिया-पॅसिफिकमधल्या रीफवर केलेला एक मोठा अभ्यास 2018 मध्ये आला, त्यात प्रवाळाला प्लास्टिक टेकलं असेल तर रोग असण्याची शक्यता 4 टक्क्यांवरून 89 टक्क्यांवर गेलेली दिसली. नदीतून जाणारा गाळ अन् युरिया पण त्यात आलाच, नत्र वाढलं की पाण्यात शेवाळ माजतं आणि प्रवाळ दबतो. ऊसवाल्यांना मी शहाणपण शिकवायला जाणार नाही, पण माती परीक्षण करून लागेल तेवढाच डोस हे तुमच्या खिशासाठी पण चांगलंच की.

बेटावर काम करायची संधी मिळाली तर

आपली काही पोरं हॉटेल लाइनमध्ये, नेव्हीत, डायव्हिंग इन्स्ट्रक्टर म्हणून अंदमान, लक्षद्वीप, मालदीवला आहेत, काही मरीन बायोलॉजी शिकतात. हा भाग खास त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी पण वाचा कारण देणगी द्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

पहिलं काम, काही न लावता नुसतं बघायचं. ठरलेल्या जागी 50 मीटरची टेप तळावर टाका, दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते लिहा, जिवंत प्रवाळ, मेलेला, शेवाळ, वाळू, तुकडे. पाण्याखाली लिहायला प्लास्टिकची पाटी अन् शिसपेन्सिल पुरते. त्याच जागी वर्षातून निदान दोनदा, गरमीच्या आधी आणि नंतर. रंग नोंदवायला क्वीन्सलंड विद्यापीठाच्या कोरलवॉचचं एक रंगांचं कार्ड मिळतं, पाण्यात नेऊन प्रवाळाशेजारी धरायचं अन् कुठल्या शेडशी जुळतं ते लिहायचं, शाळकरी पोरगं पण करू शकतं. हे कंटाळवाणं काम आहे, फोटो चांगले येत नाहीत, म्हणून कोणी करत नाही. पण ह्याच्याशिवाय नेमकं काय बिघडलंय ते कळणार नाही.

मग कारण शोधायचं, आणि कारण दर बेटावर वेगळं असतं. मन्नारच्या आखातात, तामिळनाडूच्या किनाऱ्याला, वर्षानुवर्षं प्रवाळ खणून चुन्याला अन् बांधकामाला नेला, तिथल्या 21 बेटांतली 2 पाण्याखाली गेली. रीफ लाटांचा जोर मोडतं, तेच काढून नेलं तर बेट टिकणार कसं. तिथं खणणं बंद होणं हाच पहिला उपाय होता, त्यानंतर लावणीला अर्थ आला. कॅरिबियनमध्ये 1983-84 ला काळ्या सी-अर्चिनांची, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या प्राण्यांची, साथीने मर झाली, शेवाळ खाणारं कोणी उरलं नाही आणि रीफच्या रीफ शेवाळाने भरली. म्हणून बेलीझने 2009 मध्ये शेवाळ खाणाऱ्या पॅरटफिशची मासेमारीच बंद केली. कुठं हॉटेलचं सांडपाणी सरळ लगूनमध्ये, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्यात, सोडलेलं असतं, कुठं काटेरी मुकुटवाली स्टारफिश प्रवाळ खात सुटलेली असते, तिला पाणबुडे एकेक करून व्हिनेगरचं इंजेक्शन देतात, तुकडे करायचे नसतात कारण तुकड्यातून ती परत वाढू शकते.

आणि सगळ्यात भारी म्हणजे उंदीर. हिंदी महासागरात चागोस बेटांवर काही बेटांत पूर्वीच्या जहाजांबरोबर उंदीर आले, काहींवर आले नाहीत. उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात, पक्षी गेले, पक्ष्यांची विष्ठा पावसाने रीफवर जायची ती बंद झाली. 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी मोजलं तर बिनउंदराच्या बेटांभोवती माशांचं एकूण वजन जवळपास निम्म्याने जास्त निघालं. म्हणजे रीफ सुधारायचं असेल तर कधी कधी जमिनीवर उंदराचे सापळे लावायला लागतात, आणि हे कुठल्याच कोरल पॅकेजच्या जाहिरातीत येणार नाही.

कारण कळलं की गावाला धरल्याशिवाय पुढं जाऊ नका. फिलिपिन्सच्या आपो बेटावर 1982 मध्ये गावकऱ्यांनी सिलिमन विद्यापीठाच्या मदतीने रीफचा एक तुकडा मासेमारीला बंद केला, राखण पण स्वतःच केली. तिथं मासे वाढले अन् बाहेरच्या भागात पण यायला लागले, म्हणून नियम टिकला. कोळ्यांना न विचारता बाहेरून बोर्ड लावून गेलेले प्रकल्प पहिल्या वादळात बोर्डासकट वाहून जातात.

आता लावणं

भारतात प्रवाळाचा तुकडा हलवायला पण वन विभागाची, मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते, चांगल्या हेतूने केलं तरी. म्हणून स्वतः जाऊन प्रयोग नाही. परवानगी असलेल्या टीमबरोबर काम करताना पद्धत साधारण अशी असते.

खानापूरकडं भाताचा तरवा आधी एका वाफ्यात वाढवून मग चिखलात लावतात, तसंच इथं पण दोन टप्पे. वादळाने नाहीतर अँकरने मोडून तळावर पडलेले जिवंत तुकडे आधी गोळा करायचे, ते तसेही वाळूत मरणारच असतात. चांगल्या वसाहतीतून, म्हणजे पॉलिपांनी मिळून बांधलेल्या एका अख्ख्या प्रवाळातून, कापायची वेळ आली तर एका वसाहतीचा दहावा भाग, त्याच्या वर नाही. तुकडा साधारण बोटाएवढा, 5 ते 10 सेंटिमीटर. हवेत कमीत कमी वेळ, उन्हात अजिबात नाही, नेताना समुद्राच्याच पाण्यात सावलीत. एकाच वसाहतीचे शंभर तुकडे करू नका, वेगवेगळ्या वसाहतींचे घ्या, नाहीतर एका रोगात सगळे झटक्यात जातात, आणि कुठला तुकडा कुठला त्याला टॅग लावा.

नर्सरी म्हणजे पाण्यात बांधलेलं टेबल, ताणलेली दोरी, नाहीतर पीव्हीसी पाइपचं झाड ज्याच्या फांद्यांना नायलॉन दोऱ्याने तुकडे टांगतात. तळापासून वर असलं की गाळ बसत नाही अन् गोगलगायी चढत नाहीत. मूळ जागेची होती तेवढीच साधारण खोली आणि उजेड द्यायचा. मग खरं काम सुरू, दर आठवड्या-पंधरवड्याला जाऊन जुन्या टूथब्रशने शेवाळ घासून काढायचं, दोऱ्या, पाइप, सगळं. प्रवाळाला ब्रश लावायचा नाही, भोवतीने. इथं निम्मे प्रकल्प मरतात, कारण उद्घाटनाला मंत्री येतो पण घासायला कोणी येत नाही.

सहा महिने ते वर्षभरात तुकडे भरले की रीफवर न्यायचे. जागा घट्ट खडकाची पाहिजे, आधी ब्रशने साफ करून समुद्रात चालणारा इपॉक्सी गोंद नाहीतर सिमेंटचा गोळा लावून, किंवा खिळा ठोकून त्याला बांधून बसवायचा. हललं नाही पाहिजे, हललं की संपलं. सगळ्यात गरम महिने अन् पावसाळ्याची तोंडं टाळायची.

जिथं डायनामाइटच्या मासेमारीने रीफचा चुरा झालाय तिथं खडकच नसतो, तुकडे लाटेबरोबर लोळत राहतात आणि त्यावर काही रुजत नाही. इंडोनेशियात सुलावेसीजवळ मार्स, होय तीच चॉकलेटवाली कंपनी, तिथल्या लोकांबरोबर लोखंडी सळ्यांच्या षटकोनी सांगाड्यांवर वाळूचा लेप देऊन, प्रत्येकाला 15 एक तुकडे बांधून, एकमेकांना जोडून तळावर जाळंच टाकतात. सांगाडा असा की उद्यमबागेतला कुठलाही वेल्डर बघून करून देईल. 2024 मध्ये आलेल्या अभ्यासात चार वर्षांत ह्या जागा वाढीच्या बाबतीत चांगल्या रीफच्या बरोबरीला आलेल्या दिसल्या. पण तिथं बहुतेक फांद्यांवाल्याच जाती आहेत, म्हणजे रीफ परत आलं पण सगळं नाही आलं.

अजून प्रकार आहेत. दगडासारख्या हळू वाढणाऱ्या जाती करवतीने सेंटिमीटरभराच्या चिपा करून जवळजवळ लावल्या तर त्या पटापट पसरून एकमेकींत मिसळतात. लोखंडी सांगाड्यातून अगदी कमी व्होल्टेजची वीज सोडली तर समुद्राच्या पाण्यातला चुना त्यावर जमतो, बायोरॉक म्हणतात, 2020 मध्ये गुजरातेत मिठापूरजवळ हे करून बघितलंय. मन्नारच्या आखातात झिजत चाललेल्या व्हान बेटासमोर 2015 पासून सिमेंटचे मोठे ठोकळे टाकले, लाटा अडवायला अन् वर प्रवाळ बसायला. पण ज्याच्या खिशात पैसे कमी त्याने टेबल अन् दोरीवरच रहावं, भारी तंत्राने घासायचं काम काही कमी होत नाही.

गरमीचं काय

इथं खरं बोलायला पाहिजे. 2023 च्या जुलैमध्ये फ्लोरिडात एका उथळ खाडीत पाणी 38 अंशांवर गेलं. तिथल्या नर्सऱ्या जगातल्या सगळ्यात जुन्या अन् मोठ्यांपैकी, वर्षानुवर्षं वाढवलेले प्रवाळ आठवड्या-दोन आठवड्यात मेले, लोकांनी हजारो तुकडे बोटीत घालून जमिनीवरच्या टाक्यांत हलवले म्हणून तेवढे वाचले. त्यानंतर एप्रिल 2024 मध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं, लक्षद्वीप पण त्यात होतं, 1998, 2010, 2016 नंतर परत. पूर्वी दोन माऱ्यांच्या मधे सावरायला वेळ मिळायचा तो कमी होत चाललाय. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की पृथ्वी 1.5 अंशाने तापली तर 70 ते 90 टक्के रीफ जातील, 2 अंशाला जवळपास सगळी. म्हणजे टूथब्रश घेऊन आपण जे वाचवतो ते बियाणं आहे, शेत नाही.

हाताशी काय आहे तर वेळेवर कळणं. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, उपग्रहाच्या तापमानावरून भारतातल्या प्रवाळांसाठी ब्लीचिंगचा इशारा देतं, अमेरिकेच्या नोआ ह्या समुद्र-हवामान संस्थेचे नकाशे पण फुकट बघता येतात. त्यात 'डिग्री हीटिंग वीक' असा आकडा असतो, पाणी किती जास्त अन् किती आठवडे तापलंय त्याचा हिशेब, 4 च्या वर गेला की ब्लीचिंग धरून चाला, 8 च्या वर मरायला लागतात. आकडा चढायला लागला की नर्सरी खोल पाण्यात उतरवायची, तुकडे कापणं अन् लावणं सगळं थांबवायचं, आणि टुरिस्ट बोटी त्या भागातून काही आठवडे बाहेर ठेवता आल्या तर ठेवायच्या, आजारी प्रवाळाला फिनचा धक्का पण जास्त. तुम्ही एप्रिल-मे मध्ये ट्रिपला निघालाय अन् आकडा लाल दिसतोय तर स्कूबा पुढच्या हिवाळ्यावर ढकला, नाहीतरी पांढरे सांगाडे बघायला कोण जातंय.

पैसे द्यायच्या आधी

कुणी 'एक प्रवाळ दत्तक घ्या' म्हणालं तर हे विचारा. परवानगी कुणाची आहे, कागद दाखवा. मूळ कारणावर काय केलंत, सांडपाणी, अँकर, मासेमारी, ह्यातलं काही थांबलं का. तुकडे किती लावले हे नको, दोन वर्षांनी किती जिवंत आहेत ते सांगा. जगभरातल्या प्रकल्पांचा आढावा 2020 मध्ये आला होता, सरासरी दोन तृतीयांश तुकडे जगलेले दिसले पण निम्म्याहून जास्त प्रकल्पांनी दीड वर्षाच्या आतच मोजणं बंद केलेलं. म्हणून जो म्हणेल 'आमचे 100 टक्के जगले' त्याला नमस्कार करा अन् निघा, जो म्हणेल 'मागच्या उन्हाळ्यात निम्मे गेले, कारण हे, आता असं करतोय' त्याच्याकडे पैसे द्यायला हरकत नाही. साफ कोण करतं, गावातला माणूस पगारावर आहे का, की बाहेरून येणाऱ्या व्हॉलंटियरवरच सगळं, हे पण विचारा. आणि पोरांना व्हॉलंटियर म्हणून पाठवणार असाल तर आधी त्यांना विचारा की लावायला नाही मिळालं, दोन आठवडे नुसतं घासायला अन् मोजायला लावलं, तर चालेल का. चालत असेल तर पाठवा.